कॉर्सेट आणि कंबर आवळायचे पट्टे

कॉर्सेट म्हणजे छातीच्या खालून कुल्ल्यांच्या वरपर्यंत अंगाला गच्च बसणारं, आतनं कडक पट्ट्या घातलेलं आणि पाठीमागनं दोरीनं आवळायचं वस्त्र. कोल्हापुरात कॉर्सेट असं नाव घेऊन फारसं कोण मागत नाही. महाद्वार रोडला नायतर राजारामपुरीत बायका दुकानात जाऊन 'पोटाचा पट्टा दाखवा' म्हणतात, मेडिकलमध्ये तोच 'सिझरचा पट्टा' होतो, जिमवाल्या पोरी 'वेस्ट ट्रेनर' म्हणतात आणि लग्नसराईत सगळ्यांना 'शेपवेअर' पाहिजे असतं. नावं चार आणि खरं तर वस्तूही चार, पण काउंटरवर सगळ्यांचा एकच ढीग असतो आणि गोंधळ तिथनंच सुरू होतो, कारण एक पट्टा आधार द्यायला केलेला असतो, एक घाम काढायला, एक साडीखाली पोट सपाट दिसावं म्हणून आणि अस्सल कॉर्सेट कमरेचा आकार बदलायला. दुकानदार मात्र चारही पट्टे 'ताई, एका महिन्यात फरक बघा' एवढ्या एकाच वाक्यावर विकतो.

बनावट

अस्सल कॉर्सेटला न ताणणारं, दाट विणीचं सुती कापड लागतं, बहुतेक वेळा दोन थरांचं. उभ्या शिवणींमधून स्टीलच्या पट्ट्या सरकवलेल्या असतात, काही सपाट तर काही स्प्रिंगसारख्या वळवलेल्या, म्हणजे बाजूला वाकता येतं. पुढं खुंट्या आणि भोकं असलेली दुभंगलेली स्टीलची पट्टी, मागं धातूच्या रिंगांची भोकं आणि त्यातनं ओवलेली दोरी. ऐन कमरेवर आतनं एक फीत आडवी शिवलेली असते, सगळा ताण ती घेते. दोरी वरनं खालपर्यंत ओवून कमरेपाशी तिचे दोन फास बाहेर काढतात आणि ते ओढले की कंबर आवळते. माप साधारण स्वतःच्या कमरेपेक्षा चार इंच कमी घेतात आणि नवीन असताना रोज तासदोन तासच, तेही सैलसर बांधून घालतात, कापड आणि अंग दोघांनाही सवय व्हावी म्हणून.

बाजारात वेस्ट ट्रेनर म्हणून जो मिळतो तो वेगळा. बाहेरनं लॅटेक्सचं रबर, आतनं सुती अस्तर आणि पुढं हुकांच्या तीन ओळी, आधी बाहेरच्या ओळीत लावायचा आणि मग आत आत जायचं. रबर ताणतं त्यामुळं तो दाबतो सगळीकडनं, पण कॉर्सेटसारखा घडवत नाही. घाम काढायचा स्वेट बेल्ट तर पाणबुड्यांच्या पोशाखाला वापरतात त्या निओप्रीनचा, त्याच्याखाली घाम येतो आणि घाम म्हणजे पाणी, रंकाळ्याला दोन फेऱ्या मारून घरी आल्यावर तांब्याभर पाणी प्यायलं की काट्यावर गेलेलं वजन परत हजर.

हे आलं कुठनं

उगम युरोपचा. सोळाव्या शतकात तिथल्या दरबारी बायका धड ताठ ठेवणारं वस्त्र घालायला लागल्या, तेव्हा कंबर बारीक करण्यापेक्षा छाती-पोट सपाट, शंकूसारखं दिसणं महत्त्वाचं होतं. आतल्या कडक पट्ट्या देवमाशाच्या 'हाडाच्या' म्हणतात पण ते हाड नव्हेच, देवमाशाच्या तोंडात पाणी गाळायला ज्या झालरीसारख्या पात्या असतात त्या ह्या, आपली नखं ज्या केराटिनची त्याचीच. वाफेवर वाकतात आणि थंड झाल्या की तोच आकार धरून बसतात. एकोणिसाव्या शतकात कापडात धातूच्या रिंगा बसवायची सोय झाली आणि मग खरी आवळाआवळ सुरू झाली, कारण त्याआधी दोरी जोरात ओढली की हातानं शिवलेली भोकंच फाटायची. पुरुष ह्यातनं सुटले होते असं नाही, इंग्लंडचा राजा चौथा जॉर्ज पोट दाबायला कॉर्सेट घालायचा.

ऑस्ट्रियाची सम्राज्ञी एलिझाबेथ, लाडाचं नाव सिसी, ही अतिशय बारीक कंबर आवळायची. १८९८ मध्ये जिनिव्हात एका अराजकवाद्यानं टोकदार कानस तिच्या छातीत खुपसली, तर ती उठून चालत बोटीवर गेली आणि तिथं कोसळली. कॉर्सेट इतका घट्ट होता की रक्त लगेच बाहेर आलंच नाही, सैल केल्यावर काय झालंय ते कळलं. कंबर कमी करायचा नोंदलेला विक्रम मात्र राजघराण्यातला नाही, इंग्लंडमधल्या पीटरबरोच्या एथेल ग्रेंजर ह्यांचा आहे, १९२९ ते १९३९ अशी दहा वर्षं आवळून २२ इंची कंबर १३ इंचांवर आणली. त्या काळच्या बायका फासळ्या काढून घ्यायच्या ही गोष्ट सगळीकडं फिरते, तिला भरवशाचा पुरावा नाही, आणि त्या काळच्या शस्त्रक्रियेची अवस्था बघता नटण्यासाठी कोण टेबलावर झोपलं असतं हा साधा प्रश्न आहे. संग्रहालयातले कॉर्सेट इवलेसे दिसतात त्याचंही असंच, मागची दोन-तीन इंचांची फट मोकळी सोडूनच ते बांधायचे, त्यामुळं बंद करून मोजलेलं माप खोटं पडतं.

विरोध पहिल्यापासून होता. जर्मन शरीरशास्त्रज्ञ झोमरिंग ह्यानं अठराव्या शतकातच आवळलेल्या धडाची चित्रं काढून दाखवली होती, लंडनमध्ये १८८१ मध्ये सोयीच्या कपड्यांसाठी बायकांची एक संघटनाच उभी राहिली आणि बायकांच्या आतल्या सगळ्या कपड्यांचं वजन सात पौंडांपेक्षा जास्त नको अशी तिची मागणी होती, म्हणजे तीन किलोच्या वर. तीन किलो नुसते आतले कपडे! विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसच्या पॉल पॉरे ह्या फॅशन डिझायनरनं सैल कपड्यांची फॅशन आणली, मग पहिलं महायुद्ध आलं आणि कॉर्सेट मागं पडला. १९४७ मध्ये पॅरिसच्याच दिऑर ह्या डिझायनरनं बारीक कमरेची फॅशन परत आणली आणि अलीकडं सोशल मीडियावरनं लॅटेक्सचा पट्टा आपल्यापर्यंत पोचला.

आपल्याकडचं बांधणं

कोल्हापुरात हा पट्टा इतक्या सहज खपतो त्याचं कारण आपल्याला बांधायची सवय जुनीच आहे. बाळंतिणीचं पोट बांधतात, जुन्या मऊ लुगड्याचा लांब पट्टा फाडून, आडवं झोपवून, आजी नाहीतर न्हाऊ घालायला येणारी बाई तो खालनं वर गुंडाळते आणि 'बांधलं नाही तर वारं शिरतंय, पोट सुटतंय' असं बजावते. वारं शिरत नाही, पण उपयोग शून्य आहे असंही नाही, सैल पडलेल्या पोटाला आणि कमरेला आधार मिळतो, सिझर झालं असेल तर खोकताना-उठताना टाके ओढत नाहीत. गर्भाशय मात्र आपलं आपण साधारण सहा आठवड्यांत मूळ जागी जातं, लुगडं बांधा नाहीतर न बांधा. आजीचा पट्टा सुती आणि श्वास घेता येईल इतपतच घट्ट असायचा, तोच मान लॅटेक्सच्या पट्ट्याला देऊन 'आमच्यात बांधायची पद्धतच आहे' म्हणणं म्हणजे तांबड्या रश्श्याला टोमॅटो सूप म्हणण्यासारखं आहे.

तालमीतल्या पैलवानाच्या लंगोटाचंही नाव मध्ये येतं. लंगोट जांघेला आधार द्यायला असतो, कमरेशी त्याचा संबंध गाठीपुरता. खासबाग मैदानात उतरणाऱ्या गड्याला बारीक कंबर नकोच असते, त्याचं मधलं अंग खांबासारखं असावं लागतं. जिममध्ये जड वजन उचलताना बांधतात तो चामड्याचा पट्टाही पोट आत घालायला नसतो, उलट पोट फुगवून त्याच्यावर रेटायचं आणि मणक्याला टेकू द्यायचा, काम झालं की सोडायचा. नऊवारीवरचा चांदीचा कंबरपट्टा तर नुसता दागिना, कुल्ल्यावर टेकतो आणि आवळत काहीच नाही.

खरं आवळते ती परकराची नाडी, आणि तिच्याकडं कोण बघत नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी सुतळीसारखी नाडी काचत राहिली की तिथली कातडी काळी पडते, सोलते, आणि क्वचित, फारच क्वचित, जखम भरायची बंद होऊन तिथं कातडीचा कॅन्सर होतो. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारच्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्कर बायकांची नोंद ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दिली, त्यातली एक तर परकर न घालता नुसतं लुगडंच घट्ट नेसणारी होती. म्हणून रुंद पट्टीचा परकर घ्यावा, नाडीची जागा बदलत राहावी आणि कमरेवरचं बरं न होणारं चिरटं डॉक्टरला दाखवावं.

अंगावर काय होतं

फासळ्यांच्या बारा जोड्या, त्यातल्या खालच्या दोन पुढं कशाला जोडलेल्या नसतात, त्यामुळं कॉर्सेट त्यांना आत ढकलू शकतो. श्वासाचा पडदा खाली उतरायला जागा राहत नाही आणि माणूस नुसता वरच्या छातीनं श्वास घेतो. जुन्या गोष्टींतल्या मडमा उठसूट चक्कर येऊन पडायच्या त्यातला एक भाग हाच. जठर वर दाबलं जातं आणि ॲसिड घशाकडं येतं, ग्लासगोच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये धडधाकट माणसांना कमरेला पट्टा बांधून तपासलं तर पट्ट्यानं जठराचं तोंड वर सरकून ॲसिड अन्ननलिकेत जास्त चढताना दिसलं. आता सकाळी कटाची मिसळ आणि वरनं पट्टा, पुढचं सांगायला नको. पट्ट्याची खालची कड जांघेपाशी रुतली की मांडीच्या बाहेरच्या अंगाला मुंग्या येतात, बधिर होतं, कारण तिथनं कातडीची एक नस जाते. दाब खालीही जातो, त्यामुळं बाळंतपणानंतर शिंकताना लघवी होणाऱ्या बाईला घट्ट पट्टा त्रास वाढवू शकतो. हर्निया असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये, गरोदरपणात तर नाहीच. एप्रिल-मेमध्ये घामोळं फुकट.

आणि चरबी? ती कुठं जात नाही. दाबली की वर नाहीतर खाली सरकते, पट्टा काढला की थोड्या वेळात जागेवर येते. वर्षानुवर्षं दिवसाचे बरेच तास अस्सल कॉर्सेट घातला तर आकारात फरक पडतो, ग्रेंजरबाईंचं उदाहरण आहेच, पण तो फरक फासळ्या आणि मऊ भाग दबून पडलेला असतो. डॉक्टर कमरेचं माप विचारतात ते वेगळ्याच कारणानं, आपल्याकडच्या बायकांत ८० आणि पुरुषांत ९० सेंटिमीटरच्या वर घेर गेला की आतड्यांभोवती चरबी साठल्याचा, म्हणजे मधुमेह आणि हृदयविकाराच्या धोक्याचा इशारा समजतात. हे माप उघड्या पोटावर, शेवटची फासळी आणि कुल्ल्याचं हाड ह्यांच्या मधोमध, श्वास सोडून घ्यायचं. पट्ट्यानं टेपवरचा आकडा हलतो, आतली चरबी आहे तिथंच.

लग्नातला पट्टा

कोल्हापुरात ह्याचा सीझन म्हणजे लग्नसराई. माझ्या मामेबहिणीनं लग्नाला लॅटेक्सचा पट्टा मुद्दाम एक साईज लहान घेतला होता आणि शालूखाली खरंच छान दिसत होती, उभी होती तोवर. पाटावर मांडी घालून बसल्यावर पट्ट्याची खालची कड मांड्यांत रुतली आणि वरची कड गुंडाळत गुंडाळत छातीखाली दोरखंडासारखी जमा झाली, भटजी 'पळीभर पाणी सोडा' म्हणतायत आणि हिला वाकता येत नाही. पंगतीत नवऱ्यानं नाव घेऊन जिलेबीचा घास भरवला तो कसाबसा गिळला. शेवटी आम्ही दोघींनी तिला वधूच्या खोलीत नेऊन दार लावून हुक सोडले, तर पोटावर हुकांच्या ओळीचा लालभडक ठसा, अगदी मोजता येतील असे. रिसेप्शनला बिनपट्ट्याचीच उभी राहिली आणि ब्लाउज काय बसेना, कारण माप पट्टा घालून दिलं होतं.

ही चूक आता टेलर लोकांनाच पाठ झाली आहे. हल्ली कॉर्सेट ब्लाउजची फॅशन आहे, त्यात प्लास्टिकच्या पट्ट्या शिवतात आणि मागं दोरीही देतात, पण ते आकार दाखवण्यापुरतं, कंबर त्यानं आवळत नाही. आमच्या पेठेतला टेलर नवरीचं माप घ्यायच्या आधी विचारतो, 'आत पट्टा हाय काय? असला तर काढून या, नसला तर श्वास सोडा.' वहीत आकडा लिहितो आणि कुणी कितीही सांगितलं तरी बाजूच्या शिवणीत दीड-दीड इंच माया ठेवतो.