हाइझमन मिळाली म्हणजे एनएफएलही जिंकली?

अमेरिकी कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूला दिली जाणारी हाइझमन ट्रॉफी मिळवणारा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चाल रचणारा खेळाडू) एनएफएल या व्यावसायिक लीगमध्येही चमकणारच, हा समज वर्षानुवर्षे चालत आलाय. तो चुकीचा आहे. 2003चा विजेता जेसन व्हाइट याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, एकाही संघाने घेतलं नाही. उलट 2000 साली 199व्या क्रमांकावर निवडलेल्या टॉम ब्रेडीने सात सुपर बोल (एनएफएलचे अंतिम सामने) जिंकले. जो बरोसारखे विजेते पुढेही गाजले, हे मान्यच. पण कॉलेजात पुष्कळदा सहकारी मोकळा दिसल्यावर चेंडू फेकता येतो. एनएफएलमध्ये चेंडू सहकारी वळायच्या आधीच, जेमतेम तीन सेकंदांत, अंगावर धावून येणाऱ्या धिप्पाड बचावपटूंसमोर फेकावा लागतो. म्हणून मी ट्रॉफीपेक्षा हेच बघतो: घेरल्यावर क्वार्टरबॅकचे पाय स्थिर राहतात का, आणि नजर मैदानावरून हटते का.