वेम्ब्लीच्या आशेवर जगलेला कप: ईएफएल ट्रॉफीची पार्श्वभूमी

दर वर्षी मार्च-एप्रिलच्या एखाद्या रविवारी मुंबईतल्या प्रीमियर लीगवाल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कोणीतरी विचारतंच, अरे वेम्ब्ली भरलेलं दिसतंय, सत्तर-ऐंशी हजार पब्लिक, आणि खेळतंय कोण तर पीटरबरो? हा कुठला कप काढला आता?

तर ही ईएफएल, म्हणजे इंग्लिश फुटबॉल लीगची ट्रॉफी, जिची फायनल लंडनच्या वेम्ब्ली या मोठ्या स्टेडियमवर होते. इंग्लंडच्या तिसऱ्या आणि चौथ्या डिव्हिजनची, म्हणजे आजच्या लीग वन आणि लीग टूच्या क्लबांची नॉकआउट स्पर्धा. सुरुवात झाली 1981-82 ला ग्रुप कप या नावाने, पहिल्यांदा ग्रिम्सबी टाउन जिंकलं, पुढच्या सीझनला मिलवॉल. 1983-84 पासून ती फक्त या दोन खालच्या डिव्हिजनसाठी केली आणि नाव ठेवलं असोसिएट मेंबर्स कप, कारण हे क्लब लीगमध्ये असोसिएट मेंबर होते, बसायला जागा होती पण मताला पूर्ण वजन नव्हतं. बिचाऱ्यांची तशीही लहान-मोठे सगळेच क्लब खेळतात त्या एफए कपमध्ये एखाद्या मोठ्या टीमकडून मार खाऊन लवकर सुट्टी व्हायची. मग यांना एक स्वतःचा कप द्या आणि गाजर दाखवा वेम्ब्लीचं, असा सगळा मामला.

आणि पहिल्याच फटक्यात घोड्याने पेंड खाल्ली, अगदी शब्दशः. 1984 ची फायनल वेम्ब्लीवर ठरली होती, पण तिथे हॉर्स ऑफ द इयर शो झाला, घोड्यांनी पिचची वाट लावली आणि मॅच नेली हल शहरातल्या बूथफेरी पार्कवर, म्हणजे फायनलमधल्याच एका टीमच्या घरी. तरी हल सिटी हरलं, बोर्नमथ 2-1 ने जिंकलं, मॅनेजर होते हॅरी रेडनॅप. वेम्ब्लीवरची पहिली फायनल झाली 1985 ला, विगनने ब्रेंटफर्डला 3-1 हरवलं.

स्पॉन्सरची नावं तर विचारू नका. फ्रेट रोव्हर, शेर्पा व्हॅन, लेलँड डॅफ, ऑटोग्लास, ऑटो विंडस्क्रीन्स, एलडीव्ही व्हॅन्स, मग जॉन्स्टन्स पेंट, मग पापा जॉन्स पिझ्झा. अर्धी यादी वाचली की हायवेवरच्या गॅरेजच्या पाट्या वाचतोय असं वाटतं. तिथले लोक आजही या कपची खिल्ली उडवतात त्यात या नावांचा वाटा मोठा आहे.

पण 1988 ला काही काळ तरी खिल्ली बंद झाली. फायनल वुल्व्ज विरुद्ध बर्नली, दोन्ही चौथ्या डिव्हिजनमधले. आणि हे काही ऐरेगैरे नाहीत, 1888 ला फुटबॉल लीग सुरू केली त्या बारा क्लबांमधले दोघेही, वुल्व्ज 1950 च्या दशकात तीनदा चॅम्पियन, बर्नली 1960 ला चॅम्पियन. वुल्व्ज सलग तीन सीझन खाली घसरत चौथ्यात पोचलेले आणि बर्नली 1987 ला शेवटच्या दिवशी जिंकलं म्हणून लीगमध्ये टिकलं, नाहीतर बाहेरच होतं. त्या मॅचला 80,841 लोक आले. वुल्व्ज 2-0. माझ्या मते हा कप खऱ्या अर्थाने त्या दिवशी उभा राहिला, कारण पडलेल्या मोठ्या क्लबच्या गावाला वर्षातून एकदा तरी लंडनला गाड्या भरून जायचं निमित्त इथे मिळतं हे सगळ्यांना दिसलं.

मुंबईकराला नॉकआउट कपचं वेड समजावून सांगायला नको. रोव्हर्स कप 1891 ला इथेच सुरू झाला, कूपरेजवरच्या त्याच्या मॅचच्या गोष्टी अजून जुने लोक सांगतात, हैदराबाद सिटी पोलिसने 1950 ते 1954 सलग पाच वेळा नेला. पुढे 1996 ला देशभरातल्या क्लबांची नॅशनल लीग आली, क्लबांचं लक्ष तिकडे गेलं आणि 2000-01 नंतर रोव्हर्स बंदच पडला. एवढा इतिहास असलेला कप गेला आणि तिकडे एकेकाळी ऑटोग्लाससारख्या काचवाल्यांच्या नावाने खेळलेला कप अजून चालू आहे, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं.

2001 ते 2007 वेम्ब्ली नव्याने बांधत होते म्हणून फायनल कार्डिफला झाल्या. परत आल्यावर 2009 ला ल्यूटन. त्या सीझनला ल्यूटनला आर्थिक घोळांबद्दल उणे 30 पॉइंटने सुरुवात करावी लागली, म्हणजे बुडणार हे ऑगस्टलाच ठरलेलं. तरी स्कन्थॉर्पला एक्स्ट्रा टाइममध्ये 3-2 हरवून कप घेतला, आणि साधारण आठवड्याभरात लीगमधून बाहेर! त्यामुळे पुढच्या वर्षी कप राखायला खेळताही आलं नाही.

मोठी भानगड झाली 2016 ला. लीगने प्रीमियर लीग आणि तिच्याखालच्या चॅम्पियनशिपमधल्या क्लबांच्या मोठ्या अकादम्यांच्या 16 टीम यात घुसवल्या, 21 वर्षांखालच्या. म्हणणं काय, तर पोरांना सीनियर फुटबॉल मिळेल आणि खालच्या क्लबांना बक्षिसाचे पैसे वाढतील. फॅन्स भडकले, कारण हा एकच कप होता जिथे मोठ्यांची सावली नव्हती. बहिष्कार झाला, काही मॅचना हजारभर माणूसही नव्हतं. वर नियम असा की क्लबांनी आपले नेहमीचे ठराविक खेळाडू उतरवायचेच, नाहीतर दंड. ब्रॅडफर्डने यावर उतारा काढला, 'बरी' या क्लबविरुद्ध पहिला कीपर कॉलिन डॉइल उतरवला आणि तिसऱ्याच मिनिटाला बदलून टाकला. नियम पाळला ना, बास. रडीचा डाव म्हणा, पण नियमच असा असेल तर काय करणार.

गंमत म्हणजे त्याच सीझनच्या फायनलला, कोव्हेंट्री विरुद्ध ऑक्सफर्ड, 74,434 लोक होते. सुरुवातीच्या गटांतल्या मॅचना शिव्या घालायच्या, वेम्ब्ली आलं की तिकिटासाठी लाइन लावायची. ढोंग नाही हे, कोव्हेंट्री त्याच सीझनला चौथ्या डिव्हिजनला घसरलं, त्या लोकांना तेवढाच एक आनंदाचा दिवस होता. 2019 ला तर पोर्ट्समथ-संडरलँडने 85,021 चा या कपचा रेकॉर्ड केला, 2-2 नंतर पेनल्टीवर पोर्ट्समथ.

मग कोविड. 2020 ची फायनल लांबत लांबत 13 मार्च 2021 ला झाली, रिकाम्या वेम्ब्लीत सॅलफर्डने पेनल्टीवर पोर्ट्समथला हरवलं, आणि दुसऱ्याच दिवशी तिथेच 2021 ची फायनल, संडरलँडने ट्रॅनमियरला 1-0 हरवलं. म्हणजे बेकहॅम-नेव्हिल या जुन्या स्टार मंडळींच्या मालकीचं सॅलफर्ड एका दिवसाचं चॅम्पियन.

आणि ते पीटरबरो? त्यांनी 2024 ला वायकम आणि 2025 ला बर्मिंगहॅम अशा सलग दोन फायनल मारल्या, कप राखणारी पहिली टीम. समोरचं बर्मिंगहॅम त्या सीझनला लीग वनमध्ये 111 पॉइंटचा रेकॉर्ड करत होतं आणि पीटरबरो टेबलच्या खालच्या अर्ध्यात, तरी 2-0. अकादम्यांच्या टीमपैकी मात्र 2025 पर्यंत एकही फायनलला पोचलेली नाही, चेल्सीची पोरं 2018 ला सेमीला गेली होती, लिंकनने पेनल्टीवर घरी पाठवली.