गालगुंड, झिका आणि पुरुषाचं वंध्यत्व

२०२४च्या जूनमध्ये पुण्यात एरंडवण्यात डासांमार्फत पसरणाऱ्या झिका विषाणूचे रुग्ण सापडले, तेव्हा सगळी काळजी गरोदर बायकांची होती, आणि ती रास्तच होती. पण हा विषाणू पुरुषाच्या वीर्यात कित्येक आठवडे, क्वचित महिनेही टिकतो, शरीरसंबंधातून पसरतो, आणि उंदरांवरच्या प्रयोगांत त्याने वृषणं आक्रसवली आहेत. माणसात तसं होतं असं सिद्ध झालेलं नाही. तरी ही बाजू इथे फारशी बोललीच गेली नाही.

खरं तर विषाणू आणि वृषण यांचं नातं वैद्यकाला फार जुनं ठाऊक आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिपोक्रेटिसने थासोस बेटावरच्या एका साथीची नोंद केली: कानाजवळ सूज, आणि काहींना मागाहून वृषणात वेदना. हेच आपलं गालगुंड. १७९०मध्ये स्कॉटिश डॉक्टर रॉबर्ट हॅमिल्टन यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधल्या अमेरिकी सैन्याचे सर्वाधिक कामाचे दिवस या ‘पोरांच्या आजारा’ने खाल्ले. या आजाराचं कारण विषाणू आहे हे १९३४मध्ये सिद्ध झालं.

पोरांना तो सहसा सोपा जातो. वयात आल्यावर झाला तर साधारण १५ ते ३० टक्के पुरुषांत वृषणाला सूज येते. वृषणाचं आवरण चिवट, न ताणणारं. आत दाब वाढतो, रक्तपुरवठा अडतो आणि शुक्राणू बनवणाऱ्या नलिका मरतात. बहुतेकदा दोनपैकी एकाच वृषणाला इजा होते, म्हणून पूर्ण वंध्यत्व विरळा. पण मूल होत नाही म्हटलं की पहिल्या तपासण्या बायकोच्याच. नवऱ्याला तरुणपणी गालगुंड झालं होतं का, हे विचारायला वर्षं जातात.

कोविडने नुसत्या तापाचा परिणामही दाखवला. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात. जोराच्या तापानंतर काउंट घसरतो आणि बहुतेकांचा काही महिन्यांत सावरतो. गंमत अशी की लोक घाबरले ते लसीला. लसीने नपुंसकत्व येतं ही अफवा इतकी पसरली, की जानेवारी २०२१मध्ये देशाच्या औषध महानियंत्रकांना ती जाहीरपणे खोडावी लागली.

विषाणूंवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था पुण्यात १९५२पासून आहे, आणि गोवर-गालगुंड-रुबेलाची एकत्रित लस हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनते. बालरोगतज्ज्ञांची भारतीय संघटना तिचे तीन डोस सुचवते: ९ महिने, १५ महिने आणि ४ ते ६ वर्षं. सरकारी कार्यक्रमात मात्र २०१७पासून गोवर-रुबेलाची लस आली, तेव्हा गालगुंड सौम्य मानून बाहेर ठेवलं गेलं. त्यामुळे ते संरक्षण हवं असेल तर खाजगी दवाखान्यात पैसे मोजावे लागतात.