लाखो उत्तरं, चुकलेला अंदाज

१ जून २०२४ च्या संध्याकाळी लोकसभेच्या सातव्या टप्प्याचं मतदान संपलं आणि अर्ध्या तासात सगळ्या वृत्तवाहिन्यांवर एक्झिट पोलचे आकडे झळकले. राष्ट्रीय लोकशाही आघाडीला ३५० हून जास्त जागा, असं जवळपास सगळ्यांचं म्हणणं होतं. काहींच्या आकड्यांचं वरचं टोक ४०० च्या पलीकडे गेलं होतं. सोमवारी, ३ जूनला, सेन्सेक्स अडीच हजार अंशांनी उसळला. मंगळवारी मतमोजणी झाली, आघाडी २९३ वर थांबली आणि सेन्सेक्स ४,३८९ अंशांनी कोसळला.

पुढचे काही दिवस दोनच स्पष्टीकरणं ऐकू येत होती. सर्वेक्षणवाले विकले गेले, किंवा मतदार खोटं बोलले. माझं या दोन्हींनी समाधान होत नाही. अंदाज चुकण्यामागे गणित आहे, ते कुणालाही समजण्याजोगं आहे, आणि ते समजलं की पडद्यावरचा पुढचा आकडा कसा वाचायचा हेही कळतं.

आधी मतं आणि जागा यांच्यातलं अंतर पाहू. २०१९ मध्ये भाजपला ३७.४ टक्के मतं आणि ३०३ जागा मिळाल्या. २०२४ मध्ये मतं ३६.६ टक्के, जागा २४०. मतांमध्ये एक टक्क्याचीही घट नाही, जागांमध्ये मात्र ६३ ची. काँग्रेसची मतं याच काळात १९.५ वरून २१.२ टक्क्यांवर गेली आणि जागा ५२ वरून ९९ झाल्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये हरियाणात भाजपला ३९.९४ टक्के आणि काँग्रेसला ३९.०९ टक्के मतं पडली. जागा मिळाल्या ४८ आणि ३७. त्या वेळी एक्झिट पोल काँग्रेसचं सरकार येणार असं सांगत होते. ज्याला सगळ्यात जास्त मतं तो विजयी, या आपल्या पद्धतीत मतांचा अंदाज एका टक्क्याच्या आत बरोबर आला, तरी जागांचा अंदाज सपशेल चुकू शकतो. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ज्या सर्वेक्षणाला शाबासकी द्यायची, तेच मतमोजणीच्या दिवशी चेष्टेचा विषय होतं.

मग हे लोक मुळात मतांचा अंदाज बांधतात तरी कसा? शितावरून भाताची परीक्षा होते, पण ते शीत कुठूनही, कसलीही निवड न करता उचललेलं असेल तरच. प्रत्येक मतदाराला निवडलं जाण्याची समान संधी देऊन चिठ्ठ्या टाकल्यासारखी एक हजार माणसं निवडली, तर आलेला आकडा बहुतेक वेळा खऱ्या आकड्याच्या तीन टक्के इकडेतिकडे असतो. चार हजार निवडली तर दीड टक्का, दहा हजार निवडली तर एक टक्का. एकूण मतदार किती, याचा या हिशेबाशी जवळजवळ संबंध नाही. गोव्यासाठी एक हजार माणसं जेवढी अचूकता देतात, तेवढीच अख्ख्या भारतासाठी देतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला हे पटत नाही, पण गणित पक्कं आहे.

अट फक्त एकच, निवड खरोखर यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखी, हवी. इथेच सगळं बिनसतं.

१९३६ ची अमेरिकेची अध्यक्षीय निवडणूक यासाठी पाहण्यासारखी आहे. ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने सुमारे एक कोटी लोकांना टपालाने नमुना मतपत्रिका पाठवल्या. २३ लाखांहून जास्त भरून परत आल्या. आल्फ्रेड लँडन ५७ टक्के मतं मिळवून जिंकणार, असं साप्ताहिकाने छापलं. प्रत्यक्षात फ्रँकलिन रूझवेल्ट यांना जवळपास ६१ टक्के मतं पडली आणि ४८ पैकी ४६ राज्यं त्यांनी जिंकली. त्याच निवडणुकीत जॉर्ज गॅलप यांनी सुमारे पन्नास हजार माणसांवरून रूझवेल्ट जिंकणार हे सांगितलं होतं. साप्ताहिकाच्या यादीत टेलिफोन आणि मोटारी बाळगणाऱ्यांचा भरणा होता, म्हणजे मंदीच्या त्या काळात सुस्थितीत असलेल्यांचा. हे कारण बहुतेक ठिकाणी सांगितलं जातं. दुसरं कारण तेवढंच मोठं आहे, आणि ते मागे पडतं: ज्या एक कोटींना पत्रं गेली त्यांतल्या तीन चतुर्थांशांनी उत्तरच दिलं नाही. रूझवेल्टवर चिडलेला माणूस पोस्टात जाऊन मतपत्रिका टाकत होता, समाधानी माणूस ती बाजूला ठेवत होता. साप्ताहिक १९३८ मध्ये बंद पडलं.

हार्वर्डचे संख्याशास्त्रज्ञ शियाव-ली मेंग यांनी २०१८ मध्ये हाच प्रश्न नव्याने मांडला. २०१६ च्या अमेरिकी निवडणुकीआधी झालेल्या सगळ्या मोठ्या सर्वेक्षणांत मिळून सुमारे २३ लाख लोकांनी उत्तरं दिली होती. उत्तर देण्याची तयारी आणि मत कुणाला, या दोन गोष्टींत अगदी पुसटसा, अर्ध्या टक्क्याएवढा, सहसंबंध असला तर काय होतं याचा हिशेब त्यांनी केला. त्या २३ लाख उत्तरांची किंमत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या सुमारे ४०० माणसांच्या उत्तरांएवढी उरते. मला यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग पुढचा वाटतो. निवड यादृच्छिक असते तेव्हा लोकसंख्येच्या आकाराने काही बिघडत नाही. ती यादृच्छिक राहिली नाही की लोकसंख्या जितकी मोठी तितकी चूक भारी पडते. भारताएवढ्या देशात हा नियम फार कडक लागू होतो. म्हणून ‘आम्ही लाखो मतदारांशी बोललो’ हे वाक्य निवेदक अभिमानाने उच्चारतो, तेव्हा त्यातून अचूकतेबद्दल काहीच कळत नाही. ती माणसं कशी निवडली आणि किती जणांनी बोलायला नकार दिला, हे कळायला हवं. नकाराचा आकडा आपल्या वाहिन्यांवर मला कधी दिसलेला नाही.

नकार देणारे कोण असतात, हा खरा प्रश्न आहे. मतदान केंद्राबाहेर गर्दी असते, पक्षाचे कार्यकर्ते घुटमळत असतात. अशा वेळी अनोळखी माणसाने टॅब पुढे धरून ‘मत कुणाला दिलं’ असं विचारलं, तर गावात ज्याचा दबदबा आहे त्याच्या विरोधात मत दिलेला माणूस गप्प राहणं पसंत करतो, किंवा दबदबा असलेल्याचंच नाव घेतो. लोकनीती-सीएसडीएससारखे अभ्यासक मतदानानंतर घरी जाऊन डमी मतपत्रिका आणि पेटी पुढे ठेवतात ते यासाठीच. तोंडाने नाव घ्यावं लागत नाही, त्यामुळे भीती थोडी कमी होते.

कमी भरलेल्या गटांना मग हिशेबात जास्त वजन दिलं जातं. नमुन्यात महिला कमी आल्या, तर आलेल्या प्रत्येक महिलेचं उत्तर थोडं जास्त मोजायचं. पण कोणकोणत्या गटांसाठी आणि किती वजन, हा निर्णय माणसं घेतात. २०१६ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने फ्लोरिडातल्या ८६७ मतदारांची एकच कच्ची माहिती चार नामांकित सर्वेक्षक गटांना दिली. एकाने हिलरी क्लिंटन चार टक्क्यांनी पुढे असं उत्तर दिलं, दुसऱ्याने डोनाल्ड ट्रम्प एका टक्क्याने पुढे असं. उत्तरं देणारी माणसं तीच, त्यांची उत्तरंही तीच, आणि निष्कर्षांत पाच टक्क्यांचं अंतर. पडद्यावर जे ‘अधिक-उणे तीन टक्के’ लिहिलेलं असतं, त्यात हे अंतर धरलेलं नसतं. त्या वर्षी अमेरिकेतल्या काही राज्यांतली सर्वेक्षणं फसली. कारण शिकलेले लोक फोनवर जास्त बोलतात, हे अनेकांनी वजनात धरलं नव्हतं.

आणखी एक दोष स्वभावाचा आहे. २०१५ मध्ये ब्रिटनच्या निवडणुकीआधी सगळी सर्वेक्षणं दोन मोठ्या पक्षांत बरोबरी दाखवत होती. एका संस्थेला शेवटच्या दिवशी हुजूर पक्ष ३७ आणि मजूर पक्ष ३१ टक्के असा आकडा मिळाला. सगळ्यांपेक्षा वेगळा म्हणून त्यांनी तो प्रसिद्ध केला नाही. निकाल जवळपास तोच लागला. वास्तविक, प्रामाणिक सर्वेक्षणांचे आकडे एकमेकांपासून थोडे विखुरलेले असायला हवेत. नुसत्या योगायोगानेच तसा फरक पडतो. सगळ्यांचे आकडे एकमेकांना चिकटलेले दिसले की अचूकतेवर विश्वास वाढू नये, शंका वाढायला हवी.

आता मतांवरून जागा. लोकसभेच्या ५४३ मतदारसंघांत प्रत्येकी हजार माणसं गाठायची तर साडेपाच लाखांच्या आसपास मुलाखती लागतील. म्हणून राज्याच्या पातळीवर गेल्या निवडणुकीपेक्षा मतं किती सरकली ते मोजतात आणि तोच बदल प्रत्येक मतदारसंघाच्या जुन्या निकालाला लावतात. गणितज्ञ राजीव करंदीकर यांनी त्यात एक मोलाची सुधारणा आणली: विजयी कोण हे ठरवण्याऐवजी जिंकण्याची शक्यता काढायची आणि शक्यतांची बेरीज करायची. एखादा पक्ष ४० मतदारसंघांत थोडासा पुढे असेल, प्रत्येकी ६० टक्के शक्यता असेल, तर अंदाज ४० जागांचा नाही, २४ जागांचा होतो. एवढं करूनही एक धोका उरतो. राज्याचा बदल मोजण्यातच चूक झाली, तर ती चाळीसही मतदारसंघांत एकाच दिशेने पडते. चुका एकमेकींना खोडून काढत नाहीत, त्या एकत्र येतात.

महाराष्ट्राची अडचण तर आणखी मूलभूत होती. २०२४ मध्ये इथे दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी काँग्रेस होत्या. बदल मोजायचा तो कशापासून? २०१९ च्या एका पक्षाची मतं दोन गटांत कशी वाटायची, याला कोणताही शास्त्रीय आधार नव्हता, फक्त अटकळ होती. त्यात मुंबई वायव्यसारखा मतदारसंघ, जिथे निकाल ४८ मतांनी लागला. इतक्या बारीक फरकाचा अंदाज जगातलं कोणतंही सर्वेक्षण देऊ शकत नाही, आणि तसं सांगून टाकण्यात कमीपणा नाही.

मतमोजणीच्या सकाळचा गोंधळ मात्र सर्वेक्षणाचा नसतो. आठ वाजता आधी टपाली मतं मोजायला घेतात, यंत्रांतली मतं साडेआठला. टपाली मतं देणारे बहुतांशी सरकारी कर्मचारी, सैनिक आणि ज्येष्ठ नागरिक असतात; मतदारसंघाचं प्रतिबिंब त्यांच्यात शोधणं चूक आहे. पहिल्या फेऱ्या ज्या भागातल्या केंद्रांच्या, त्या भागाचा कौल आधी दिसतो. आठ वाजून पाच मिनिटांनी पडद्यावर आघाडी-पिछाडीचे आकडे येऊ लागतात, यावर हरियाणाच्या निकालानंतर मुख्य निवडणूक आयुक्तांनीच जाहीरपणे टीका केली होती. ७ नोव्हेंबर २००० च्या रात्री अमेरिकी वाहिन्यांनी फ्लोरिडा राज्य अल गोर यांनी जिंकलं असं आधी जाहीर केलं, मग ते मागे घेतलं, मग मध्यरात्रीनंतर जॉर्ज बुश यांनी जिंकलं असं जाहीर केलं आणि तेही मागे घेतलं. त्या रात्री फ्लोरिडातल्या व्होलुशिया काउंटीतल्या एका चुकीमुळे गोर यांच्या नावापुढे उणे १६,०२२ मतं लागली होती. मतं उणे असू शकत नाहीत, पण घाईत ते वाहिन्यांच्या वेळीच लक्षात आलं नाही. अखेरचा फरक ५३७ मतांचा निघाला.

उलटंही घडलेलं आहे. १९५२ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत सीबीएस वाहिनीने युनिव्हॅक संगणकाला मतांचे पहिले आकडे दिले. आयझेनहॉवर यांना ४३८ निर्वाचक मतं (प्रत्येक राज्याच्या वाट्याची, अध्यक्ष ठरवणारी मतं) मिळतील, असं त्याने सांगितलं. चुरशीची लढत आहे असं सगळे मानत होते, म्हणून वाहिनीने हा अंदाज दाबून ठेवला. प्रत्यक्षात ४४२ निर्वाचक मतं मिळाली.

हे काम नीट होतं त्याचं उदाहरण ब्रिटनचा एक्झिट पोल आहे. मोठ्या वाहिन्या मिळून एकच सर्वेक्षण करतात. दीडशेच्या आत मतदान केंद्रं आणि वीस हजारांच्या आसपास मतदार. शक्यतो गेल्या खेपेच्याच केंद्रांवर परत जातात, मतदारांकडून डमी मतपत्रिका भरून घेतात आणि फक्त बदल मोजतात. त्यामुळे मत सांगायला बिचकणारे दोन्ही वेळी तितकेच बिचकले, तर ती चूक वजाबाकीत निघून जाते. २०१९ मध्ये या पद्धतीने हुजूर पक्षाला ३६८ जागांचा अंदाज दिला, मिळाल्या ३६५. ब्रिटनमध्ये केंद्रनिहाय निकाल जाहीर होत नाहीत, म्हणून तुलना जुन्या एक्झिट पोलशी करावी लागते. आपल्याकडे प्रत्येक मतदान केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते निवडणुकीनंतर ‘फॉर्म २०’ मध्ये जाहीर होतं आणि राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. ब्रिटिश अभ्यासकांना जी माहिती हवी असूनही मिळत नाही, ती आपल्याकडे दर निवडणुकीला, केंद्रागणिक उपलब्ध असते.