मऊ शरीराच्या प्राण्यांचे जीवाश्म

हाडं नाहीत, दात नाहीत, शिंपला नाही असा प्राणी मेला की त्याचा जीवाश्म होणं जवळपास अशक्यच, कारण बॅक्टेरिया आणि मेलेलं खाणारे इतर जीव थोड्याच दिवसांत त्याचा फडशा पाडतात. तरीपण जगात मोजक्या जागी अशा प्राण्यांची आतडी, डोळे, कल्ले सगळं दगडात उतरलेलं सापडतं.

यातली सगळ्यात गाजलेली जागा म्हणजे कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियातलं बर्जेस शेल. अमेरिकन जीवाश्म-अभ्यासक चार्ल्स वॉलकॉट यांना ती १९०९ मध्ये सापडली, पुढे त्यांनी तिथून ६५,००० च्या वर नमुने गोळा केले. खडक साधारण ५० कोटी ८० लाख वर्षांपूर्वीचा. तेव्हा तिथे समुद्र होता आणि पाण्याखालच्या उंच कड्याच्या पायथ्याशी बारीक चिखलाचे लोंढे घसरत यायचे, त्यात प्राणी एका झटक्यात गाडले जायचे.

आता बऱ्याच ठिकाणी एवढंच लिहिलेलं असतं की ऑक्सिजन नव्हता म्हणून ते टिकले, पण तेवढ्याने भागत नाही, ऑक्सिजन नसला तरी चालणारे बॅक्टेरिया असतातच आणि ते समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून शरीर कुजवतात. २०१२ च्या एका अभ्यासानुसार त्या काळी समुद्रात सल्फेट कमी होतं आणि चिखलाच्या थरावर कॅल्शियम कार्बोनेटचं झाकण लवकर बसलं, म्हणजे बॅक्टेरियांची रसदच तुटली. मला हे स्पष्टीकरण सगळ्यात पटण्यासारखं वाटतं. शेवटी उरतो तो कार्बनचा अगदी पातळ पापुद्रा, तिरप्या उजेडात धरला की चमकतो.

मारेला नावाचा दोनेक सेंटीमीटरचा प्राणी तिथे ढिगाने सापडतो. त्याच्या बऱ्याच नमुन्यांत शरीराच्या मागच्या टोकाशी एक काळा डाग असतो, तो म्हणजे अंगातून बाहेर झिरपलेला द्रव. म्हणजे कुजणं सुरू झालं होतं आणि मध्येच थांबलं, हे त्या डागात डोळ्यांनी दिसतं, आणि हे खरंच थक्क करणारं आहे!

मऊ भाग टिकण्याचे बाकी रस्ते पण आहेत: न्यूयॉर्कमधल्या बीचर्स बेड या खडकाच्या थरात ट्रायलोबाइट या कवचवाल्या समुद्री प्राण्याचे पाय आणि मिशा पायराइटच्या, म्हणजे लोह आणि गंधकाच्या खनिजाच्या झाल्यात, चीनच्या दौशांतुओत फॉस्फेटने पेशीसुद्धा राखल्या, तर इलिनॉयच्या मेझन क्रीकमध्ये लोहयुक्त खड्यांच्या आत जेलीफिश निघतात.

जे टिकलं ते सगळंच जसंच्या तसं असतं असं मात्र नाही. २०१० मध्ये लेस्टर युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी अँफिऑक्सस (माशासारखा दिसणारा छोटा समुद्री प्राणी) आणि लॅम्प्री या जबडा नसलेल्या माशाच्या अळ्या मुद्दाम कुजवून पाहिल्या, तर ज्या खुणांवरून प्राणी जास्त प्रगत आहे हे कळतं नेमक्या त्याच आधी गेल्या, त्यामुळे अर्धवट कुजलेला प्राणी जीवाश्मात प्रत्यक्षापेक्षा जास्त आदिम वाटू शकतो.

आणि आपल्याकडचं भीमबेटका तर विसरूच नये. २०२१ मध्ये तिथल्या एका गुहेच्या छतावर डिकिन्सोनिया या ५५ कोटी वर्षांच्या आसपासच्या मऊ प्राण्याचा जीवाश्म सापडल्याचं जाहीर झालं आणि देशभर बातम्या आल्या. नंतर दुसऱ्या टीमने जाऊन बघितलं तर तो ठसा खडकावरून सोलून निघत होता आणि जवळच आग्यामाशांची ताजी पोळी होती. तो डिकिन्सोनिया नव्हताच, जुन्या पोळ्याचा राहिलेला अवशेष होता, हे २०२३ मध्ये छापून आलं आणि मूळ टीमच्या प्रमुखांनीही ते मान्य केलं.