एचआयव्हीवाले लोक पर्यायी औषधांकडे का वळले? थोडी पार्श्वभूमी

एचआयव्हीच्या गोळ्या चालू असताना कोणी सोबत काढा, व्हिटॅमिन, ॲक्युपंक्चर असं काही करत असेल तर लोक लगेच अडाणी म्हणून मोकळे होतात. मला हे पटत नाही, कारण हे सगळं सुरू कसं झालं ते बघितलं की चित्र वेगळंच दिसतं.

१९८१ च्या जूनमध्ये लॉस एंजेलिसमधल्या ५ तरुणांना झालेल्या दुर्मिळ न्यूमोनियाची नोंद छापून आली (एड्सची ही पहिली नोंद), व्हायरस सापडला १९८३ ला आणि पहिलं औषध एझेडटी मंजूर झालं मार्च १९८७ मध्ये. म्हणजे जवळपास सहा वर्षं मूळ आजारावर द्यायला डॉक्टरांकडे काहीही नव्हतं, आणि औषध आलं तेही वर्षाला १०,००० डॉलरच्या आसपास, दर ४ तासांनी घ्यायचं, वर त्या वेळच्या मोठ्या डोसमुळे कित्येकांचं हिमोग्लोबिन पार खाली जायचं. मग लोकांनी स्वतःच हातपाय मारायला सुरुवात केली. १९८७ मध्येच न्यूयॉर्कमध्ये पीडब्ल्यूए (पीपल विथ एड्स, म्हणजे एड्स झालेले लोक) हेल्थ ग्रुप उभा राहिला, मंजुरी नसलेली औषधं बाहेरून मिळून मागवायची म्हणून. अंड्याच्या बलकापासूनचं एएल-७२१ खूप गाजलं, मग १९८९ ला एका चिनी वेलीच्या मुळातून काढलेलं कंपाउंड क्यू आलं, त्याची तर कार्यकर्त्यांनी सरकारी परवानगीशिवाय स्वतःच ट्रायल घेतली. दोन्ही शेवटी टिकली नाहीत, कंपाउंड क्यूने काहींच्या मेंदूवर गंभीर परिणामही झाले. पण ही माणसं विज्ञानाच्या विरोधात अजिबात नव्हती, औषधांच्या चाचण्या लवकर करा म्हणून रस्त्यावर उतरणारा समाज हाच होता.

१९९६ ला एकत्र तीन औषधांचे उपचार आले आणि मृत्यू झपाट्याने कमी झाले. आता कारण बदललं: पायांची आग, जुलाब, उलट्या, चेहऱ्यावरची चरबी जाणं. गोळ्या जगवत होत्या पण हा त्रास रोजचा, म्हणून लोक पूरक उपचार शोधत राहिले. त्यातलं सगळंच काही कामाचं निघालं नाही, नसांच्या दुखण्यावर ॲक्युपंक्चरची मोठी चाचणी १९९८ ला छापून आली तर खोट्या सुयांपेक्षा जास्त फायदा दिसला नाही. खरा धक्का २००० साली बसला. उदास वाटतं म्हणून लोक घेत असलेल्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीमुळे इंडिनाविर या एचआयव्हीच्या औषधाचं रक्तातलं प्रमाण निम्म्याहून जास्त घसरतं असं दिसलं, पुढे लसणाच्या गोळ्यांनी सॅक्विनाविर या दुसऱ्या औषधाचंही तेच केलं. पेशंट सांगत नव्हते, डॉक्टर विचारत नव्हते, मधल्या मधे व्हायरसचं फावत होतं.

आफ्रिकेत तर गोष्ट आणखी दुखरी. औषधं श्रीमंत देशांत होती आणि बहुतेक पेशंट आफ्रिकेत, २००१ ला सिप्ला या भारतीय कंपनीने ही औषधं वर्षाला ३५० डॉलरला द्यायची ऑफर दिली तेव्हा कुठे दार किलकिलं झालं. तोवर लोक पारंपरिक वैद्यांकडेच जाणार ना? युगांडात संस्थांनी ते ओळखून १९९२ पासून थेटा नावाच्या कामात वैद्य आणि डॉक्टर यांना एकत्र आणलं, मला हा सगळ्यात शहाणा मार्ग वाटतो. दक्षिण आफ्रिकेत मात्र खुद्द आरोग्यमंत्री मांटो शबालाला-म्सिमांग लसूण, बीट आणि लिंबाचं कौतुक करत राहिल्या, मथायस राथ हा जर्मन डॉक्टर व्हिटॅमिन विकत एआरटीला (एचआयव्हीवरच्या औषधोपचाराला) विष म्हणत होता. टांझानियात मल्टिव्हिटॅमिनने आजार थोडा हळू वाढतो असं दाखवणारा अभ्यास राथने जाहिरातीत वापरला, तेव्हा मूळ संशोधकांनाच जाहीरपणे सांगावं लागलं की व्हिटॅमिन हा एआरटीला पर्याय नाही. हार्वर्डच्या अंदाजाने २००० ते २००५ मध्ये एआरटी वेळेत न दिल्याने दक्षिण आफ्रिकेत ३,३०,००० हून जास्त जीव गेले. २००७ ला गांबियाचे राष्ट्राध्यक्ष जामेह यांनी तर झाडपाल्याने एड्स बरा करतो म्हणत लोकांच्या गोळ्याच बंद करायला लावल्या. माझा राग या सत्तेवरच्या लोकांवर आहे, काढा पिणाऱ्यावर नाही.

अजून एक कारण फार कोणी बोलत नाही. कित्येक वर्षं नियमच असा होता की सीडी-४ पेशी (व्हायरस ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) २०० च्या खाली, नंतर ३५० च्या खाली जाईपर्यंत थांबा. रिपोर्ट पॉझिटिव्ह आणि औषध नाही, अशा अवस्थेत माणूस हातावर हात धरून किती वर्षं बसणार, जे मिळेल ते तो करून बघणारच. २०१५ ला जागतिक आरोग्य संघटनेने सीडी-४ कितीही असो लगेच उपचार द्या असं सांगितलं, तेव्हा ही पोकळी कागदावर तरी बुजली. आता डोलुटेग्राविर या एचआयव्हीच्या नव्या औषधाच्या काळात प्रश्न साध्या कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांचाही आहे, रिकाम्या पोटी त्या सोबत घेतल्या तर औषध नीट शोषलं जात नाही, म्हणून डोलुटेग्राविर त्यांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यायचं, नाहीतर दोन्ही जेवणासोबत.