यादृच्छिक नमुना आणि यादृच्छिक विभागणी: उद्योजकता संशोधनातील एक गल्लत

‘यादृच्छिक पद्धतीने निवडलेले उद्योजक’ असे शब्द शोधनिबंधात दिसले की अनेक वाचक, आणि खरे सांगायचे तर काही मार्गदर्शकही, तो अभ्यास प्रायोगिक आहे असे धरून चालतात. वास्तविक यादृच्छिक निवड म्हणजे चिठ्ठ्या टाकून केलेली निवड, आणि अशा चिठ्ठ्या दोन वेगळ्या वेळी टाकता येतात: अभ्यासात कोणाला घ्यायचे हे ठरवताना आणि घेतलेल्यांपैकी कोणाला काय द्यायचे हे ठरवताना. पहिली झाली नमुना निवड, दुसरी विभागणी. अभ्यासाला प्रयोग म्हणता येते ते दुसरीमुळे.

१९९९ पासून चालू असलेले ‘ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर’ हे सर्वेक्षण पहिल्या प्रकारात मोडते. सहभागी देशांत दरवर्षी किमान २,००० प्रौढांना प्रश्न विचारले जातात आणि त्यावरून देशातील किती लोक व्यवसाय सुरू करण्याच्या खटपटीत आहेत याचा अंदाज बांधता येतो. मात्र ज्यांच्या ओळखीत उद्योजक आहेत ते स्वतःही व्यवसायात अधिक उतरतात असे अशा आकडेवारीत दिसले, तर ओळखींमुळे व्यवसाय उभा राहिला की व्यवसायामुळे ओळखी वाढल्या, हे नमुना कितीही निर्दोष असला तरी कळणार नाही.

नायजेरिया सरकारने २०११ मध्ये सुरू केलेल्या ‘यूविन’ या व्यवसाय आराखड्यांच्या स्पर्धेत परिस्थिती नेमकी उलटी होती. सुमारे २४,००० जणांनी आपणहून अर्ज केले होते, म्हणजे हा नायजेरियातील तरुणांचा यादृच्छिक नमुना मुळीच नव्हता. सर्वाधिक गुण मिळवणारे थेट विजेते ठरले, पण उपांत्य फेरीतील उरलेल्या १,८४१ जणांमधून ७२९ विजेते सोडतीने निवडले गेले आणि विजेत्यांना सरासरी सुमारे ५०,००० डॉलरचे अनुदान मिळाले. अर्थतज्ज्ञ डेव्हिड मॅकेन्झी यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, नव्याने व्यवसाय सुरू करू पाहणाऱ्यांपैकी सोडत लागलेल्यांचा व्यवसाय तीन वर्षांनंतर चालू असण्याचे प्रमाण इतरांपेक्षा ३७ टक्केबिंदूंनी जास्त होते. म्हाडाच्या घरांप्रमाणे येथेही नाव निघणे वा न निघणे अर्जदाराच्या हाती नव्हते. त्यामुळे हुशारी, चिकाटी, घरची ऐपत या न मोजता येणाऱ्या गोष्टी दोन्ही गटांत सरासरीने सारख्याच वाटल्या गेल्या आणि फरकाचे श्रेय अनुदानाला देता आले. थेट विजेत्यांची तुलना हरलेल्यांशी केली असती, तर त्यांच्या मुळातल्या गुणवत्तेचा परिणामही अनुदानाच्या नावावर जमा झाला असता.

म्हणूनच ‘नमुना प्रातिनिधिक नाही’ हा आक्षेप, जो प्रयोगांवर हमखास घेतला जातो, कार्यकारणभावाला धक्का लावत नाही. निष्कर्ष कोणाला लागू करायचा याची मर्यादा तेवढी तो आखून देतो. उलट ‘नमुना मोठा होता, म्हणून कारण सिद्ध झाले’ हा प्रबंधांतला युक्तिवाद मात्र मुळातच चुकीचा आहे.

श्रीलंकेत डी मेल, मॅकेन्झी आणि वुडरफ यांनी घरोघरी पाहणी करून पगारी कामगार नसलेले, अल्प भांडवलाचे व्यवसाय शोधले आणि त्यांतील काहींना यादृच्छिक पद्धतीने १०,००० किंवा २०,००० श्रीलंकन रुपयांची मदत दिली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला, भांडवलावर दरमहा सुमारे ५ टक्के परताव्याचा त्यांचा अंदाज विश्वासार्ह आहे तो विभागणीमुळे. पण तो अशाच छोट्या व्यवसायांपुरता आहे, कारण पाहणीतून निवडले होते तेवढेच.